मिरचीची गाडी निघताना

चंद्रपूरहून परतलेल्या माणसाला पुण्यात एकच प्रश्न विचारतात. वाघ दिसला का? नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, जणू मी लग्नाला जाऊन न जेवता परत आले. मग माझं सांत्वन म्हणून ते आपला वाघ सांगतात: मोहर्लीच्या गेटमधून, सकाळच्या फेरीत, अगदी रस्त्यावर, तीन बछड्यांसह. मी ऐकून घेते. मी तिकडे गेले होते ती मुलं बघायला, आणि बघण्यात माझी एक मोठी चूक झाली. ती सांगायची तर आधी मी तिथे कशाला गेले ते सांगायला हवं.

तीस वर्षं मी एका रुग्णालयाच्या बालमार्गदर्शन विभागात काढली. निवृत्तीनंतर माणसाला दोन धोके असतात, हास्यक्लब आणि सल्लागारपद. मला दुसरं जडलं. चंद्रपूर-गडचिरोली भागात काम करणाऱ्या एका संस्थेला आठ मुलांचे अहवाल हवे होते. कुणाचे आईवडील नव्हते, कुणाचे असून नसल्यासारखे होते. या मुलांना आहेत त्या घरी राहू द्यायचं की वसतिगृहात हलवायचं, हे एक समिती ठरवणार होती. त्याआधी समितीला हवं होतं की मूल ज्याच्याकडे राहतं त्याच्याशी त्याचं नातं किती भक्कम आहे, हे कुणीतरी तपासून सांगावं.

तान्ह्या मुलाचं हे तपासणं सोपं असतं. आई खोलीबाहेर गेली की ते रडतं, परत आली की बिलगतं. किंवा बिलगत नाही. बघणाऱ्याला कळतं. शाळेत जाणारं मूल तोवर लपवायला शिकलेलं असतं. म्हणून त्याच्यापुढे बाहुल्या मांडायच्या, गोष्ट अर्ध्यावर आणून सोडायची आणि म्हणायचं, पुढे काय झालं ते तू दाखव. मुलगी पडली, गुडघा फुटला, ती कुणाकडे जाते? आईबाबा गावाला निघाले, मुलं काय करतात? ते परत आले, मग काय होतं? मूल बाहुल्यांचं सांगता सांगता स्वतःचं सांगून जातं, असं हे शास्त्र आहे. बहुतेक वेळा ते खरं ठरतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे.

माझ्या छोट्या सुटकेसमध्ये आई, बाबा, आजी, दोन मुलं, एक पलंग, एक कुत्रा आणि एक सोफा होता. बाहुल्या परदेशी घडणीच्या. आईच्या अंगावर ॲप्रन होता, तो काढून मी शिंपिणीकडून तिला काठापदराची साडी शिवून घेतली होती. सोफ्याचं मात्र काही करता आलं नाही.

सोमवार, चंद्रपूर

स्टेशनवरून थेट संस्थेनं भरवलेल्या कार्यशाळेच्या उद्घाटनाला. फेब्रुवारीतच ऊन असं की सावलीतल्या माणसानंही डोळे बारीक केलेले. खुर्च्यांवर टर्किश टॉवेल, खिडकीच्या कठड्यावर कोळशाची बारीक काळी पूड. दीपप्रज्वलनाला पंख्यानं तीनदा विरोध केला. चौथ्यांदा पंखा बंद केला तेव्हा दिवा लागला आणि पाहुणे घामानं भिजले. संस्थेच्या संचालकांनी मुलांना प्रेमाची गरज असते हे चाळीस मिनिटांत सिद्ध केलं. तेवढ्या वेळात त्यांच्या नातवाचा फोन तीनदा आला आणि त्यांनी तिन्ही वेळा कापला.

मला पाच पुष्पगुच्छ मिळाले. ते मी कुणाला द्यावेत या विचारात असताना एक चाळिशीची बाई शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इथीच ठेवा, म्याडम. उद्या दुसऱ्या पाहुण्याले कामी येतात."

ही रंजना. सावली तालुक्यातल्या गावांत संस्थेचं काम तीच बघते. पुढचे पाच दिवस मी तिच्याबरोबर हिंडले. संस्थेत तिच्या वरती नऊ जण आहेत आणि खाली कुणी नाही.

मंगळवार, नदीपलीकडे

वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. नदी या दिवसांत रेतीत शोधावी लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाचे रिकामे बांध, मग एकदम जंगल, आणि पानं गळलेल्या जंगलात मध्येच पेटलेला पळस. सुंदर आहे, पण फार वेळ बघवत नाही. सगळं वाळलेलं असताना एकच झाड एवढं लाल असणं डोळ्याला खुपतं.

वडशाला चहाला थांबलो. भिंतीभर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं होती. हंगाम संपत आला होता, तरी रडू येण्याची लेखी हमी प्रत्येकावर होती. टपरीवाला खर्रा घोटत होता. प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी-तंबाखू तो अशा तन्मयतेनं घासत होता की मला वाटलं, ह्याला कार्यशाळेला बोलवायला हवं होतं.

एका आश्रमशाळेत पाच मुलं तपासली. त्यांची घरची भाषा गोंडी, शाळेची मराठी, आणि माझी पुण्याची ही तिसरीच. एका मुलानं सोफा उलटा करून त्याचा डोंगा केला आणि सगळ्या कुटुंबाला नदीपार नेलं, कुत्र्यासकट. आईला त्यानं मध्ये बसवलं. मी त्याच्या पुढे 'सुरक्षित' लिहिलं आणि मला बरं वाटलं. सोफ्याचाही तेवढाच एक सार्थ उपयोग झाला.

संध्याकाळी रंजनाच्या घरी जेवण. दारावर निळा ध्वज, आत कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, आणि ताटात भाताचा डोंगर. त्यावर लाखोळीची डाळ, बाजूला वांग्यात घातलेले सुके झिंगे. आमच्याकडे भात शेवटी वाढतात, पोट भरलं की नाही याची खात्री करायला. इथे भात म्हणजेच जेवण, बाकीचं त्याला सोबत. मी पोळीची चौकशी केली तेव्हा रंजनाच्या सासूनं तिला विचारलं, "बिमार हाये काय थे?"

बुधवार, सावलीच्या पुढे

गावाचं नाव लिहीत नाही. शाळा चांगली होती, दोन खोल्यांची, भिंतीवर पाढे आणि पक्षी. तीन मुलं इथली. त्यांतली शेवटची आचल, नऊ वर्षांची, चौथीतली. तिची माहिती माझ्या कागदावर होती ती अशी: वडील मलेरियाने मृत. आई दोन वर्षांपूर्वी अपघातात मृत. आत्याकडे राहते. आत्या एकटी, शेतमजूर. दर वर्षी मिरची तोडायला तेलंगणात जाते, महिना ते दीड महिना. गेल्या वर्षी त्या काळात मुलगी शेजारी ठेवलेली, शाळेत आलीच नाही. त्यामुळे मुख्याध्यापकांनी संस्थेला कळवलं, आणि संस्थेनं सुचवलं की तिला चंद्रपूरच्या वसतिगृहात ठेवावं. आत्याचा नकार.

आचलनं बाहुल्या बघितल्या आणि आईला उचललं. "हे बाई कोणाच्या लग्नाले चालली?"

"घरीच असते ती," मी म्हटलं.

"घरी असं लुगडं नेसून रायते?" तिनं काठ उलटून शिलाई पाहिली. शिंपिणीला नापास करून बाहुली खाली ठेवली.

मी गुडघ्याची गोष्ट सांगितली. आचलनं मुलीच्या बाहुलीला उभं केलं, बोटानं जमिनीवरची माती घेतली आणि बाहुलीच्या गुडघ्याला लावली.

"झालं."

"आई कुठे आहे?"

"कामाले."

"तिला कळलं का, हिला लागलं ते?"

"कायले कळन? सांगतलंच नाई."

मग निघण्याची गोष्ट. आई आणि बाबा चार दिवस बाहेर चाललेत, मुलं आजीजवळ राहणार. आता दाखव. आचलनं आईबाबांना हात लावला नाही. तिनं आधी दोन्ही मुलं उचलली आणि सुटकेसच्या झाकणाकडे तोंड करून उभी केली, अगदी नाक टेकवून. मग आजीलाही तसंच. सगळे पाठमोरे झाल्यावर तिनं आईबाबांना टेबलाच्या काठापर्यंत हळूहळू सरकवत नेलं, लाकडावर लाकडाचा आवाज होऊ न देता, आणि तिथून आपल्या मांडीत घेतलं.

"गेले."

"मुलं काय करतात?"

"काई नाई."

"काही बोलतात का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गातल्या ढ मुलाकडे पाहतात. "बोलाचं रायते काय तवा?"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्यातून काहीही घेतलं नाही.

परतण्याच्या गोष्टीत तिनं आईबाबांना टेबलावर ठेवलं. कुणी धावलं नाही, कुणी बिलगलं नाही. मुलीची बाहुली पाठमोरीच राहिली. "आले," आचल म्हणाली, "भात मांडला." आणि सुटकेस बंद करायला मला मदत केली.

तिची आत्या वनिता घराच्या पडवीत सूप घेऊन बसली होती. पस्तिशीची असेल, वयापेक्षा दहा वर्षं मोठी दिसणारी. बिनदुधाचा चहा केला. मी विचारलं, तुम्ही निघता तेव्हा ही रडते का?

"नाई रडत," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "लय समजदार हाये. दुसऱ्याचे लेकरं कशे पायात येतात. हे मांगं वळूनबी नाई पाहात."

"तुम्ही परत आल्यावर?"

"गाडी गावात आली का चुलीवर भात ठेवते थे. काई बोलत नाई. भात ठेवते."

मी तेही लिहून घेतलं. माझी लिहून घेण्याची सवय फार चांगली आहे.

गुरुवार, सावली

दिवसभर रंजनाच्या घरी बसून आठ अहवाल लिहिले. आचलचा सोपा गेला. मुलांच्या गोष्टी बऱ्याचदा विस्कळीत असतात, एकाच गोष्टीत बिलगणं आणि चावणं दोन्ही असतं. हिची प्रत्येक गोष्ट एकाच दिशेला बोट दाखवत होती. लागलं तर सांगत नाही. निघताना पाठ फिरवते. परतल्यावर स्वागत नाही. पालकाचं निवेदनही त्याला धरूनच. मी लिहिलं: 'सध्याच्या पालकाशी अनुबंध दुरावलेल्या स्वरूपाचा. पालकाकडून आधाराची अपेक्षा आढळत नाही.' आणि मग समितीला उपयोग व्हावा म्हणून आपणहून एक वाक्य जोडलं: 'जागा बदलल्यास या मुलीला ते तुलनेनं कमी जड जाईल.'

संध्याकाळी ते पाठवून दिलं. संचालकांचं लगेच उत्तर आलं, दोन हात जोडलेले आणि एक फूल.

रंजना म्हणाली, "उद्या सकाळी मिरचीच्या गाड्या निघतात आचलच्या गावातून. पाहाच्या असन तर चला. वाघ दिसन का नाई सांगता येत नाई, हे नक्की दिसतात."

शुक्रवार, सकाळ

सहा वाजता पोचलो. शाळेसमोर दोन पिकअप उभ्या होत्या. तांदळाची पोती, भांडी, गोधड्या, पाण्याच्या कॅन, एक कोंबडी. मुकादम, म्हणजे मजूर जमवून नेणारा माणूस, यादी घेऊन ओरडत होता. बाया चढत होत्या. पन्नासेक माणसं महिन्याभरासाठी घर सोडून चालली होती, आणि निरोपाचा एक शब्द कुठे नव्हता. पोरं भिंतीला लागून उभी. म्हातारे ओट्यांवर. कुणी हात हलवत नव्हतं.

मला ते सोसेना. आमच्याकडे पाहुणा निघाला की खरा कार्यक्रम सुरू होतो. दारात वीस मिनिटं, जिन्यात दहा, आणि तो गाडीत बसला की वरच्या खिडकीतून ओरडायचं, डबा घेतलास का, पोचल्यावर फोन कर. ही माणसं एकमेकांना काहीच सांगत नाहीत, असं मनात आलं. थोडंसं वाईट वाटलं आणि थोडासा अभ्यासाचा आनंदही झाला.

वनिता पहिल्या गाडीत चढली. आचल शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती, नाक टेकवून. दोन्ही तळहात तोंडावर. अगदी झाकणापुढच्या बाहुलीसारखी. मी मनातल्या मनात माझ्या अहवालाला मान डोलावली.

गाडी सुरू झाली. तेवढ्यात मला ओट्यावर वनिताची पाण्याची कॅन दिसली. निळी, पाच लिटरची, तिनं चढताना बाजूला ठेवलेली आणि तशीच राहिलेली. ती मला एकटीलाच दिसली असं नाही. आजूबाजूचे चारपाच जण तिच्याकडेच पाहत होते. कुणी बोललं नाही. मी दोन पावलं पुढे गेले आणि सोसायटीच्या खिडकीतून मारावी तशी खणखणीत हाक मारली.

"अहो वनिताबाई! तुमची कॅन राहिली!"

रंजनानं माझा दंड धरला, पण उशीर झाला होता.

गाडी थांबली. मुकादम खाली उतरला. "कोन हाक देली?"

ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, "पुन्याच्या म्याडमनं."

आचल भिंतीपासून वळली. तिच्या तोंडून आधी जे बाहेर पडलं तो शब्द नव्हता. मग ती धावली, चाकावर पाय देऊन वर चढली आणि वनिताच्या लुगड्याला दोन्ही मुठींनी लटकली. "आत्या, उतरू नोको," ती ओरडत होती. "उतरू नोको वो, उतरू नोको," आणि ओरडता ओरडता तिला सगळ्या ताकदीनं खाली ओढत होती. वनिता उतरली. आचलनं तिच्या कमरेला मिठी मारली आणि तोंड तिच्या पोटात खुपसलं. नऊ वर्षांची मुलगी दोन वर्षांच्या मुलीसारखी थरथरत होती.

मुकादम यादीकडे पाहत म्हणाला, "बस घडीभर. पानी पे. दुसऱ्या गाडीनं ये."

दुसऱ्या गाडीचं नाव निघताच आचलनं लुगड्याचा पदर दातांत धरला. तिला सोडवायला दोघीतिघी पुढे आल्या. वनितानं त्यांना हातानंच लांब केलं.

"नाई येत मी," ती मुकादमला म्हणाली. "नाव काट माहं."

पहिली गाडी गेली. थोड्या वेळानं दुसरी गेली. दोन्ही दुपारपर्यंत सुखरूप पोचल्या, हेही सांगून ठेवते.

मला रंजनानं हकीकत सांगितली ती शाळेमागच्या हातपंपाजवळ. या भागात निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. हे आमच्याकडेही ऐकून असतात, पण ऐकूनच. इथे ते पाळतात. जंगलात शिरणाऱ्याला नाही, आणि मिरचीला जाणाऱ्याला तर नाहीच. चुकून हाक गेलीच, तर त्या माणसानं परत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि मगच निघायचं. दोन वर्षांपूर्वी आचलची आई पहिल्या गाडीत बसली होती. भाकरीचं गाठोडं घरी राहिलं. आचल ते घेऊन धावली आणि तिनं हाक मारली. आई उतरली, बसली, पाणी प्यायली. पहिली गाडी तोवर निघून गेली. दुसरी गाडी सीमेपलीकडे एका नाल्यापाशी उलटली.

"मयतीच्या दिवशी एक बाई रडता रडता बोलून गेली," रंजना म्हणाली. "पोरीनं हाक देली नं वो, म्हणे. वाईट मनानं नाई बोलली. पण आचल तिथीच बसून होती."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी कुठी विचारलं? तुमच्या कागदात आई कशी मेली याले एक रकाना होता. मी अपघात लिवलं. तेवढंच बसत होतं त्यात."

मी विचारलं, "तू मानतेस हे?"

"आमी नाई मानत असलं काई," ती म्हणाली. मग पंपाचा दांडा दोनदा मारून तिनं हात धुतले. "पण मिरचीच्या दिवसांत मीबी हाक देत नाई."

शुक्रवार, दुपार

समितीची बैठक तीन वाजता चंद्रपूरला होती. वनिता मिरचीला जाणार म्हणून तिला बोलावलंच नव्हतं, पण आता ती थांबलीच होती, म्हणून वनिता, आचल, रंजना आणि मी एकाच जीपमधून गेलो. वाटेत मी संचालकांना फोन केला की आचलचा अहवाल मागे घेतेय. ते म्हणाले, "मॅडम, तो तर सगळ्यांना वाटून झाला. फार आवडला. विशेषतः शेवटचं वाक्य, एकदम स्पष्ट."

समितीच्या अध्यक्षबाई साठीच्या होत्या, डोळ्यांत झोप नसलेल्या. मला त्यांच्यात काही खोट काढायची होती, पण ती सापडली नाही. मी उभी राहून सांगितलं की माझा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि सकाळी काय झालं ते सांगितलं. ही मुलगी पाठ फिरवते ती आत्या नको म्हणून नाही. आत्या जिवंत परत यावी म्हणून. ती हाक मारत नाही, कारण तिच्या समजुतीप्रमाणे तिच्या हाकेनं एकदा माणूस मेलं आहे. आणि ती भात मांडते तेच तिचं बिलगणं आहे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कालचा अहवाल पद्धतीला धरून होता?"

"हो."

"आणि आजचा?"

"आजचा मी स्वतः पाहिलेला आहे."

"कालचंही तुम्ही स्वतःच पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो.

मग त्यांनी वनिताला विचारलं, "तुम्ही गावाला जाता तेव्हा मुलगी रडते का?"

मी वनिताकडे पाहत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी मान हलवली असती. तिनं पाहिलं नाही. चांगल्या घरच्या पोरीची चौकशी चालली आहे असं समजून ती ताठ बसली आणि म्हणाली, "नाई रडत, म्याडम. लय समजदार हाये. आज पह्यल्यांदाच असं केलं तिनं. नाई करन आता."

"यंदा तुम्ही मिरचीला गेला नाहीत. पुढच्या वर्षी जाल?"

वनिता जरा थांबली. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरतो. "जाईन," ती म्हणाली. "नाई जाऊन करीन काय?"

हुकूम तासाभरात टाईप होऊन आला. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, तूर्त, वसतिगृहात. आत्यानं दर रविवारी भेटावं. त्यानंतर फेरविचार. माझा दुसरा जबाब सोबत जोडला होता. पण हुकुमाच्या मधोमध, अवतरणचिन्हांत, माझं कालचं वाक्य होतं: जागा बदलल्यास या मुलीला ते तुलनेनं कमी जड जाईल. मला ते वाचायला दिलं गेलं, मी वाचलं, आणि पोच म्हणून सही केली.

शनिवार, चंद्रपूर

माझी गाडी संध्याकाळची होती. वसतिगृहात मी जायला हवं असं कुणी म्हणालं नव्हतं. गेले.

इमारत स्वच्छ. ओळीनं लोखंडी पलंग, प्रत्येकावर तीच हिरवी चादर. अधीक्षिका मायाळू वाटल्या. त्यांनी आचलचे केस पाहिले, वजन केलं, आणि जेवायला काय आवडतं ते विचारलं. आचल म्हणाली, भात. खिडकीतून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. गावाकडून येताना वनितानं एका पिशवीत तिचे दोन फ्रॉक, पाटी-पुस्तकं आणि कागदात बांधलेल्या सुक्या बोरांचा पुडा आणला होता. तो पुडा अधीक्षिकांनी वहीत नोंद करून परत आचलच्याच हातात दिला.

भेटीच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. आम्ही तिघी बसलो. मला माफी मागायची होती. कुणाची, ते नीटसं ठरत नव्हतं. मी वनिताला म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे."

"तुमी काऊन?" ती म्हणाली. "तुमी तर कॅन राहिली म्हनून हाक देली." ती खरोखरच त्याबद्दल बोलत होती. अहवालात काय आहे हे तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी दाखवू शकले असते. मी त्या वेळी खिडकीकडे पाहिलं.

"आता मिरचीले जाशीन?" आचलनं तिला विचारलं.

"पाहू. एक गाडी हाये सोमवारी."

"पह्यलीच गाडी हाये नं थे?"

"एकच हाये. पह्यलीच मंग."

आचलनं मान हलवली. वनितानं तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, उठली, चपला घातल्या. जाते म्हणाली नाही, येते म्हणाली नाही. दारातून बाहेर पडून व्हरांड्यातून चालू लागली. आचल खुर्चीवरून उतरली, भिंतीपाशी गेली आणि तिकडे तोंड करून उभी राहिली.

व्हरांडा लांब होता. वनिताची पावलं बराच वेळ ऐकू येत होती. मी उठून दारात आले. ती फाटकाशी पोचत होती, आणि मला तिला थांबवायचं होतं. काय सांगायला, ते आता आठवत नाही.

मागून आचल म्हणाली, भिंतीकडे तोंड ठेवूनच, अगदी हळू, "म्याडम. तुमी हाक नोका मारू."

मी मारली नाही.